गेम कन्सोलवर ‘५.१’ ध्वनी : आवाज बदलताना काय सांभाळावे



नववीतील एक विद्यार्थी मध्यंतरी एक पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या कार्यालयात आला. २००८ सालच्या स्नेहसंमेलनात त्याच्या मोठ्या बहिणीचे नृत्य होते. वडिलांनी ते हातातल्या कॅमेऱ्यावर टिपले होते. त्या छोट्या तबकड्या घरातल्या कोणत्याच यंत्रावर चालेनात, म्हणून बाजारातल्या एका दुकानातून त्यांच्या फाइली करून आणल्या आणि घरच्या प्लेस्टेशन ३ वर लावल्या. चित्र उत्तम आले, गाणेही ऐकू आले; पण निवेदकाचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. शिवाय कॅमेऱ्याच्या मागे बसलेली आजी मधूनमधून काही बोलत होती, असे सर्वांना आठवते. त्या फाइलीत आजी जवळजवळ नव्हतीच. आजी आता हयात नाहीत. मुलाने विचारले, “सर, आवाज गेला कुठे? आणि परत आणता येईल का?”

या प्रश्नाचे उत्तर विज्ञान, गणित आणि थोडी व्यवहारबुद्धी यांत विभागलेले आहे. बऱ्याच घरांत अशा तबकड्या पडून असतील, म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहितो.

प्रथम आपले कान. कान दोन असल्यामुळे आपल्याला आवाजाची दिशा कळते. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला आधी आणि उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर आहे. दोन कानांमधले अंतर २० सेंटीमीटर धरले तर ०.२० भागिले ३४४, म्हणजे सुमारे ०.०००६ सेकंद. सेकंदाच्या दहा हजार भागांतल्या सहा भागांचा हा फरक मेंदू ओळखतो आणि सांगतो, ‘डावीकडे बघ.’ आवाजाच्या तीव्रतेतला फरक आणि कानाच्या पाळीचा आकारही यात मदत करतात.

वर्गात करून पाहा. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला मध्ये बसवा. बाकीच्यांनी वेगवेगळ्या जागी उभे राहून एकेकाने चुटकी वाजवायची. डावे-उजवे तो सहसा चुकणार नाही. पण अगदी समोरची चुटकी आणि अगदी पाठीमागची चुटकी यांत त्याचा गोंधळ होईल, कारण दोन्ही वेळी आवाज दोन्ही कानांना एकाच क्षणी पोहोचतो. आता त्याला मान हलवू द्या. गोंधळ बराच कमी होईल. का, ते वहीत लिहा.

आपल्या रावपुऱ्यात राहणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. गणपतीची मिरवणूक येते तेव्हा आपण गॅलरीत उभे असतो. ढोल टॉवरच्या बाजूने येतो, समोरून जातो आणि दुसऱ्या बाजूला विरतो. खालच्या दुकानातले बोलणे पायाशी असते, तर घरातून आईची हाक पाठीमागून येते. हे सगळे आवाज एकाच वेळी चालू असतात, तरी मिसळून जात नाहीत, कारण प्रत्येकाची दिशा वेगळी असते. हाच अनुभव यंत्रातून देण्याच्या प्रयत्नाला ‘सराउंड साउंड’ म्हणतात.

त्याची सर्वांत प्रचलित रचना म्हणजे ५.१. पाच स्पीकर पूर्ण आवाजाचे : समोर डावा, समोर उजवा, बरोबर मध्ये एक, आणि ऐकणाऱ्याच्या दोन बाजूंना किंचित मागे एकेक. ‘.१’ म्हणजे फक्त खर्जाचे चॅनल. त्यात सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचेच आवाज असतात, म्हणून ते पूर्ण एक धरत नाहीत. (चॅनलला ‘वाहिनी’ हा चांगला शब्द आहे, पण छापताना काना राहून त्याची ‘वहिनी’ होण्याची भीती असते, म्हणून चॅनलच लिहितो.) बोलणे बहुतेक मधल्या चॅनलमध्ये असते. संगीत समोरच्या दोन्हींत पसरलेले असते, तर पाऊस, टाळ्या आणि गर्दी मागच्या दोन्हींत असतात.

ही कल्पना आजची नाही. ब्रिटनमधील ई.एम.आय. कंपनीचे अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी दोन चॅनलच्या ध्वनीच्या पेटंटसाठी १९३१ साली अर्ज केला. वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’ने १९४० साली काही थोड्या चित्रपटगृहांत अनेक स्पीकरांचा आवाज ऐकवला, खर्च इतका होता की ती यंत्रणा सगळीकडे बसवता आली नाही. आपल्याकडे १९७५ च्या ‘शोले’चे ७० मिलिमीटरचे खेळ स्टिरिओफोनिक आवाजात झाले. पडद्यावर नाणे उडाले की लोक खुर्चीखाली वाकून पाहत, असे त्या वेळची मंडळी सांगतात. पुढे १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आणि १९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस ही पद्धत आली.

‘डॉल्बी’ या शब्दाविषयी एक खुलासा करतो. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या आपल्या नातेवाइकांच्या तोंडी ‘डॉल्बी लावला’ म्हणजे मिरवणुकीत स्पीकरांची भिंत उभी केली. त्याचा या डॉल्बीशी संबंध नाही. रे डॉल्बी यांनी १९६५ साली आपली प्रयोगशाळा सुरू केली आणि त्यांचे नाव झाले ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या पद्धतीमुळे. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचे नाव आपण कशाला दिले पाहा!

आता फाइलीकडे वळू. साध्या ऑडिओ सीडीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजलेला असतो, प्रत्येक माप १६ बिटांचे आणि चॅनल २. गुणाकार करा : ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट प्रति सेकंद. व्हिडिओमध्ये सेकंदाला ४८,००० मापे घेतात. चॅनल ६ केले तर ४८,००० × १६ × ६ = ४६,०८,००० बिट. एका तासाच्या नुसत्या आवाजाला दोन गीगाबाइटहून जास्त जागा लागेल! म्हणून तो दाबून भरतात. डीव्हीडीवर डॉल्बीची एसी-३ पद्धत जास्तीत जास्त ४४८ किलोबिट प्रति सेकंद वापरते, म्हणजे दहाव्या हिश्श्याहूनही कमी. एका तासाला सुमारे २०० मेगाबाइट लागतात. हे साधते कसे? मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला तसाही ऐकू येत नसतो. तो कमी अचूकपणे नोंदवतात किंवा वगळतात. याचा अर्थ असा की प्रत्येक वेळी पुन्हा दाबून भरताना आणखी काही निसटते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फाइलीविषयी पालकांची सर्वांत मोठी गल्लत इथेच होते. फाइलीच्या नावापुढचे शेपूट, म्हणजे एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही, व्हीओबी, हा केवळ डबा आहे. आत चित्र एका पद्धतीने आणि आवाज दुसऱ्या पद्धतीने भरलेला असतो. पोहे स्टीलच्या डब्यातून प्लास्टिकच्या डब्यात काढले तर पोहे बदलत नाहीत. पण तेच पोहे पुन्हा कढईत परतले तर चव बदलते. कन्व्हर्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरला ही दोन्ही कामे येतात, आणि आपण न सांगता बटण दाबले तर ते बहुधा परतायलाच घेते.

गेम कन्सोलची अडचण अशी की प्रत्येक यंत्र ठरावीक डबे आणि ठरावीक पदार्थच स्वीकारते. २००६ साली आलेले प्लेस्टेशन ३ हे एमपीईजी-२ फाइलीतला एसी-३ आवाज सहाही चॅनलांसह वाजवते, हँडीकॅमचा एव्हीसीएचडी प्रकारही समजते; पण एमकेव्ही डबा उघडत नाही. २००५ चे एक्सबॉक्स ३६० हे एव्हीआय डब्यातला ५.१ एसी-३ घेते, मात्र एमपी४ मधला एएसी आवाज दोनच चॅनलांचा असेल तर वाजवते. प्लेस्टेशन ४ साठी २०१५ साली मीडिया प्लेअर आला. तो एमकेव्ही उघडतो; आत एसी-३ असेल तर ठीक, डीटीएस असेल तर चित्र दिसते आणि आवाज येत नाही. अशा वेळी मूल म्हणते टीव्ही बिघडला, वडील म्हणतात फाइल खराब, आणि दोघेही चुकतात. तिथे चित्राला हात न लावता फक्त आवाज डीटीएसमधून एसी-३ मध्ये बदलायचा, चॅनल सहाच ठेवायचे आणि एसी-३ ची कमाल ६४० किलोबिटची मर्यादा निवडायची. एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर हे काम करते, आणि चित्र परतायचे नसल्यामुळे ते लवकर उरकते.

अगोदर फाइलीत काय आहे ते तपासावे. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल लावून ‘टूल्स’मधील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडले की आवाजाच्या ओळीत ‘३एफ२आर/एलएफई’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे दिसतात. म्हणजे समोर तीन, मागे दोन आणि एक खर्ज. तिथे ‘स्टिरिओ’ लिहिले असेल तर त्या फाइलीत दोनच चॅनल आहेत. डब्यावर काहीही छापलेले असो. २००० च्या दशकात आपण मराठी नाटके आणि चित्रपट ज्या व्हीसीडीवर पाहिले, तिच्यात आवाजाचे चॅनल दोनच असत.

आता मुलाच्या प्रश्नाचे गणित. सहा चॅनल दोनांत बसवायचे तर एक मान्य रीत आहे. नवा डावा = डावा + ०.७०७ × मधला + ०.७०७ × मागचा डावा. उजव्याचेही तसेच. खर्जाचे चॅनल बहुधा सोडून देतात. ०.७०७ कुठून आले? मधला आवाज आता दोन स्पीकरांतून येणार. प्रत्येकाला अर्धी शक्ती दिली तर बेरीज पूर्वीइतकीच होईल. शक्ती ही आवाजाच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून अर्ध्याचे वर्गमूळ घ्यायचे; ते ०.७०७, म्हणजेच १ भागिले √२.

पण तिन्ही आवाज एकाच वेळी पूर्ण जोरात आले तर बेरीज १ + ०.७०७ + ०.७०७ = २.४१४ होईल, आणि फाइलीत १ च्या वर जागाच नाही. वरचा भाग कापला जाऊन आवाज फाटेल. म्हणून काही सॉफ्टवेअर सगळ्यालाच २.४१४ ने भागतात. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनो, २.४१४ म्हणजे १ + √२. तर १ भागिले (१ + √२) किती? हराचे परिमेयीकरण करा, उत्तर √२ − १ म्हणजे ०.४१४ येईल. ‘सर, याचा उपयोग काय?’ असे दरवर्षी कोणीतरी विचारतो. त्याला हे दाखवावे. डाव्या चॅनलचा गुणक ०.४१४ होतो, मधल्याचा ०.४१४ × ०.७०७ म्हणजे ०.२९३. सगळाच आवाज खाली येतो. बोलणे ऐकू यावे म्हणून घरचे लोक व्हॉल्यूम वाढवतात आणि पुढच्या दृश्यात फटाके फुटले की शेजारी दार वाजवतात. यंत्रात दोष काही नसतो, भागाकार तेवढा झालेला असतो.

ही झाली योग्य रीत. घाईची रीत अशी की सहांपैकी पहिले दोन चॅनल उचलायचे आणि बाकीचे चार टाकून द्यायचे. वेव्ह फाइलीतला क्रम डावा, उजवा, मधला, खर्ज, मागचा डावा, मागचा उजवा असा असतो. पहिले दोन घेतले की मधला गेला, आणि त्याच्याबरोबर निवेदक गेला. समोरच्या माइकमध्ये त्याचा थोडा आवाज झिरपलेला असतो, तेवढाच विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो. मागचे दोन्ही गेले, त्यांच्याबरोबर आजी गेल्या. (क्रमाचीही एक गंमत आहे. डॉल्बीच्या आत क्रम डावा, मधला, उजवा असतो, तर एएसीत मधला पहिला असतो. सॉफ्टवेअरने क्रम नीट जुळवला नाही तर निवेदक उजव्या कोपऱ्यातून बोलू लागतो.)

मग दोनांतून पुन्हा सहा करता येतील का? बीजगणितात विचारून पाहा. समीकरणे दोन आहेत आणि अज्ञात पदे सहा. क + ख + ग = १० एवढे सांगून क, ख, ग वेगवेगळे शोधून दाखवा म्हटले तर वर्गात हशा पिकेल. बाजारात ‘स्टिरिओचे ५.१ करून देतो’ म्हणणारी सॉफ्टवेअरे अंदाजाने वाटणी करतात. ऐकायला ती कधी बरीही वाटते. पण आजींचा आवाज ज्या फाइलीत उतरलाच नाही, त्या फाइलीतून तो काढता येणार नाही.

आमच्या विद्यार्थ्याचे सुदैव असे की त्याच्या आईने तबकड्या फेकल्या नव्हत्या. आठ सेंटीमीटरच्या, १.४ गीगाबाइटच्या त्या डीव्हीडी फराळाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेल्या होत्या. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही हँडीकॅम खरोखरच ५.१ मध्ये ध्वनिमुद्रण करीत. कॅमेऱ्यावरचे माइक समोरचा आवाज पुढच्या चॅनलांत आणि कॅमेऱ्यामागचा आवाज मागच्या चॅनलांत नोंदवीत. घरी पाच स्पीकर नसल्यामुळे त्या वेळी हे कुणाच्या लक्षातही आले नसेल.

इथे एक इशारा. या छोट्या तबकड्या खाचेतून डिस्क ओढून घेणाऱ्या कन्सोलमध्ये चुकूनही घालू नयेत. त्या आत अडकतात. संगणकाच्या बाहेर सरकणाऱ्या ट्रेमध्ये मध्यभागी लहान गोल खाच असते, ती खास त्यांच्यासाठी आहे. दुसरे, रेकॉर्डिंग झाल्यावर कॅमेऱ्यात ‘फायनलाइझ’ केलेले नसेल तर तबकडी दुसऱ्या यंत्राला बहुधा रिकामी वाटते. ‘काही नाही यात’ म्हणून ती टाकून देऊ नका. त्यांच्या सातपैकी एक अशीच होती. कॅमेऱ्याची बॅटरी मेली होती, पण चार्जरची वायर थेट जोडून कॅमेरा चालू झाला आणि ती फायनलाइझ करता आली.

आम्ही शाळेच्या संगणक कक्षात तबकड्यांवरील व्हीओबी फाइली जशाच्या तशा हार्ड डिस्कवर उतरवल्या. मग ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, एफएफएमपेगची जोड देऊन, एक फाइल उघडली. पडद्यावर एकाखाली एक सहा पट्टे आले. पहिल्या दोघांत गाणे, तिसऱ्यात निवेदक. चौथा जवळजवळ सपाट, अधूनमधून तबल्याच्या डग्ग्याचा उंचवटा. मग बाकीचे बंद करून पाचवा आणि सहावा तेवढे चालू ठेवले. खुर्च्यांचा सरकण्याचा आवाज, कुणाचे तरी खोकणे, आणि मग अगदी जवळून, स्पष्ट, “अगं, कशी गिरकी घेतली बघ!” मुलाने हेडफोन काढून आईकडे दिले. आम्ही बाकीचे थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो.

विशेष म्हणजे कन्सोलसाठी त्या फाइली कन्व्हर्ट करण्याची गरजच नव्हती. व्हीओबी हा एमपीईजी-२ कुटुंबातलाच डबा आहे. प्रतीचे शेपूट बदलून एमपीजी केले आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केला, तेवढ्यात काम झाले. प्लेस्टेशन ३ ला हीच पद्धत लागते. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ गीगाबाइटपेक्षा मोठी चालत नाही, पण या तबकड्या त्याहून लहानच आहेत. प्लेस्टेशन ४ ला एक्सफॅटही चालते. नव्या एक्सबॉक्सवर व्हीएलसीचे ॲप मिळते, ते बहुतेक डबे उघडते. मात्र प्लेस्टेशन ४ आणि ५ साधी ऑडिओ सीडी वाजवत नाहीत, हे नवीन यंत्र घेताना आजोबांच्या सीडींचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

यानंतरही दोनच चॅनल ऐकू आले तर वायर पाहा. लाल-पांढऱ्या टोकांच्या वायरीतून दोन चॅनल जातात, त्याहून जास्त नाहीत. ऑप्टिकल वायरीतून दाबलेला ५.१ आवाज जातो, पण न दाबलेले सहा चॅनल जात नाहीत, तिथेही दोनच. एचडीएमआयमधून न दाबलेले आठ चॅनलसुद्धा जातात. प्लेस्टेशन ५ ला ऑप्टिकल तोंडच नाही. सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ निवडले तर कन्सोल दाबलेला आवाज तसाच ॲम्प्लिफायरकडे पाठवतो आणि तो तिथे उलगडतो. ‘पीसीएम’ निवडले तर कन्सोल स्वतः उलगडून पाठवतो. ज्यांच्याकडे ॲम्प्लिफायर नाही, नुसता टीव्ही आहे, त्यांनी पीसीएम ठेवावे. डीटीएसची सीडी साध्या प्लेअरवर लावली तर गाण्याऐवजी नळ उघडा राहिल्यासारखा फुसफुसाट येतो. तो बिघाड नसतो, न उलगडलेला आवाज असतो. फक्त व्हॉल्यूम आधी कमी करा.

आपल्या जुन्या घरांत खोल्या लांबट आणि अरुंद असतात, कोच भिंतीला टेकलेला असतो. मागचे स्पीकर मग भिंतीवर उंच टांगले जातात. ते ऐकणाऱ्याच्या कानाच्या रेषेच्या थोडे मागे, समोरच्या रेषेशी सुमारे ११० अंशांवर हवेत, जागा नसेल तर बाजूला ठेवले तरी चालते. मागचा स्पीकर दीड मीटरवर आणि समोरचा तीन मीटरवर असेल तर मागचा आवाज किती लवकर येईल, ते ३४४ ने भागून काढा. ॲम्प्लिफायरमध्ये ‘डिस्टन्स’ म्हणून जे अंतर भरायला सांगतात, ते यासाठीच. खर्जाचा स्पीकर रात्री दहानंतर बंद ठेवावा. खर्ज भिंतीतून पलीकडे जातो, आणि आपल्याकडे दोन घरांत एकच भिंत असते.

उलट दिशेचा मोह मात्र टाळला पाहिजे. वडोदरा हे गाण्याचे गाव. महाराजा सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली. आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाज खाँ इथलेच दरबारी गायक, १९५० साली ते इथेच निवर्तले. हिराबाई बडोदेकरांच्या तर नावातच आपले गाव आहे. या मंडळींच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एका चॅनलच्या. त्यांच्या फाइली सहा चॅनलांत पसरवून खाँसाहेबांना पाठीमागून गायला लावण्यात काय मिळवले? जे एका चॅनलात आहे ते एकाच चॅनलात, शक्यतो न दाबता किंवा फ्लॅकमध्ये ठेवावे. फ्लॅक आवाज दाबते, पण काही टाकत नाही. उलगडल्यावर बिटन् बिट परत मिळते. त्यात आठ चॅनलांपर्यंत सोय असल्यामुळे ५.१ चा आवाजही त्यात जपता येतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कवरील कुलूप तोडणे हा या पाठाचा भाग नाही. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली त्यासंबंधी कलम ६५-अ जोडले गेले आहे. येथे जे सांगितले ते आपल्या स्वतःच्या ध्वनिचित्रमुद्रणांविषयी आहे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. शाळेच्या कपाटातही स्नेहसंमेलनांच्या अशा तबकड्या आणि कॅसेटी आहेत. त्या पालकांनीच वेळोवेळी भेट दिलेल्या आहेत. त्यांच्या मूळ फाइली न बदलता ठेवण्यासाठी दोन हार्ड डिस्क हव्यात. एक शाळेत राहील आणि दुसरी शाळेबाहेर कुणा विश्वस्तांच्या घरी, म्हणजे एकीला काही झाले तरी दुसरी उरेल. मोबाईलवर पाठवण्यासाठी लहान प्रती करायच्याच आहेत, पण त्या मूळ फाइली उतरवून, दोन्हीकडे तपासून झाल्यावर. क्रम उलटा होऊ नये एवढाच माझा आग्रह आहे.

ज्या पालकांकडे शाळेच्या कार्यक्रमांची मुद्रणे असतील त्यांनी ती दर शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात आणावीत. नववीचे विद्यार्थी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, फाइली आपल्यासमोर उतरवून तबकडी लगेच परत देतील. शक्य असल्यास कॅमेरा आणि त्याचा चार्जरही बरोबर आणावा. तबकडीवर बॉलपेनने काही लिहू नये, वर्ष आणि कार्यक्रमाचे नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावे. आणि कॅमेऱ्यामागे कोण बसले होते तेही आठवत असेल तर लिहावे.